वय 47, बैठं काम, 12 आठवड्यांनी 20 किलोमीटरचा चॅरिटी वॉक आहे. रोज 10,000 पावलं चालून तयारी होईल का? बूट कोणते घ्यावेत?

नाही होणार. एवढंच लिहून थांबणार होते, पण तीन वर्षांपूर्वी मी नेमकी तुमच्या जागी होते आणि मला "होईल की" म्हणणारा माझा सख्खा थोरला भाऊ होता. त्यामुळे जरा लांबेल.

तेव्हा मी 48 ची. दिवसाचे नऊ तास खुर्ची, घरी आल्यावर सोफा, लिफ्ट बंद पडली की तोंडचं पाणी पळायचं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या नादानं 20 किलोमीटरला नाव दिलं. लहान मुलांच्या उपचारांसाठी निधी जमवायचा होता. ओळखीच्यांनी दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम कबूल करायची, मी जेवढं चालेन तेवढे पैसे. कागदावर 26 नावं जमली, त्यात दादाचंही. त्याला तयारीचं विचारलं तर म्हणाला, "चालायची कसली आलीय तयारी? वर्षाची असल्यापासून चालतेयस." दादा शाळेत धावण्यात पहिला यायचा. त्या भांडवलावर गेली चाळीस वर्षं तो सगळ्या घराला व्यायाम शिकवतो. मला पटलं, कारण मला ते पटवूनच घ्यायचं होतं.

मग रोज फोनवर पावलं मोजणं. 10,000 झाली की मी खूश. (हा आकडा रूढ कसा झाला, माहितीय? 1965 मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मीटर' असा होता. तिथून तो सगळ्यांच्या डोक्यात बसला.) दहा हजार पावलं म्हणजे साधारण सात किलोमीटर. पण माझी ती स्वयंपाकघर, पार्किंग, ऑफिसचा कॉरिडॉर अशी दिवसभर सांडलेली. सलग चार तास पायांवर असणं हे प्रकरणच निराळं. त्यात कडी म्हणजे तीन दिवस आधी घेतलेले कोरे बूट.

पहिले आठ किलोमीटर गप्पांत गेले. दम लागेना, तिथंच फसले. नवव्यानंतर उजव्या टाचेला काहीतरी कोमट, ओलसर लागायला लागलं. थांबून बघायची लाज वाटली, सगळे पुढे चाललेले. तेराव्याला एका कठड्यावर बसून बूट काढला तर मोजा टाचेला चिकटलेला. बाटलीतलं पाणी थोडं थोडं ओतत तो सोडवला, तर त्याच्याबरोबर कोटाच्या बटणाएवढी कातडी निघून आली. बुटाची मागची बाजू दाबून, सपातीसारखा फरफटत आणखी एक किलोमीटर रेटला. मग स्वयंसेवकांची गाडी आली. आत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. ड्रायव्हरनं न सांगता रेडिओचा आवाज कमी केला.

पुढचा आठवडा त्याहून वाईट. कागद घेऊन एकेकाला "चौदा" सांगत फिरायचं. बरेच जण म्हणाले, "राहू दे गं, वीसचेच घे." ते जास्त लागलं. दादानं तर दिलेच नाहीत. "वीसचं ठरलं होतं, वीस झाले का?" वर आणखी, "मदतच करायची तर सरळ पैसे द्यावेत, चालायचा तमाशा कशाला?"

तर तुमचं. आठवड्यातून एक दिवस लांब चाला, सलग. तोच खरा सराव. बाकी तीन-चार दिवस अर्धा-पाऊण तास पुरे, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगानं. लांबचं चालणं चार किलोमीटरपासून सुरू करा, आठवड्याला दीड-दोन वाढवा, दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. शेवटचा मोठा टप्पा 15-16 चा झाला की बास, तो दोन आठवडे आधी उरका. मग पायांना विश्रांती. दम लवकर सुधारतो. टाचेमागची कंडरा, तळवा, कातडी यांना फार वेळ लागतो, आणि माणूस गाडीत बसतो तो यांच्यामुळेच. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाच दुखायला लागली तर वाढवणं तिथंच थांबवा.

बुटांची कंपनी विचारू नका, प्रत्येकाचा पाय वेगळा. संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. माझं एक दुसऱ्या वर्षीही पडलंच. सुती मोजे घालू नका, घाम धरून ठेवतात. टाच 'गरम' वाटली की त्याच क्षणी थांबून पट्टी लावा, लाज बाजूला ठेवा. मांड्या घासत असतील तर व्हॅसलीन. त्या दिवशी नवीन काहीही नको, मोजासुद्धा नाही.

हे खरं तर आधी लिहायला हवं होतं: मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल तर फोड कळतसुद्धा नाही. छातीत दाब आला, चक्कर आली, तर किलोमीटर मोजत बसू नका. पाणी तहानेप्रमाणे प्या, उगाच बाटल्यांवर बाटल्या रिचवू नका, त्यानं रक्तातलं मीठ उतरतं.

दुसऱ्या वर्षी मी वीस पूर्ण केले, चार तास चाळीस मिनिटांत. कागद घेऊन दादाकडे गेले तर म्हणे, "या वर्षी माझं नाव कुठं आहे?" आणि तो जे 'सरळ पैसे' म्हणत होता, ते तीन वर्षांत त्यानं कुणालाही दिलेले नाहीत. तुम्हालाही असा एखादा भेटेलच. वाद घालू नका, तिथल्या तिथे कागद पुढे करा आणि एकरकमी आकड्यासमोर सही घ्या. किलोमीटरमागे नको.