उंदराच्या पिल्लांच्या नाकात विष निष्प्रभ करणारी विकरं (एन्झाइम) एवढ्या लवकर का तयार होतात?

पिल्लू जन्मतं तेव्हा डोळे मिटलेले, कान बंद. आईचं स्तनाग्र ते फक्त वासावर शोधतं. वास गेला तर दूधच मिळणार नाही. शिवाय उंदीर श्वास नाकानेच घेतो. म्हणजे हवेतलं प्रत्येक रसायन आधी नाकातल्या कोवळ्या अस्तरावर आदळणार.

म्हणूनच गंधपटलात, म्हणजे नाकातल्या वास ओळखणाऱ्या अस्तरात, सायटोक्रोम पी४५० गटातली विकरं जन्माच्या आसपासच दिसू लागतात. गंमत म्हणजे ती मुख्यतः गंधपेशींत नसतात. त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींत आणि खालच्या, चिकट स्राव सोडणाऱ्या बोमन ग्रंथींत असतात. ती रेणूला ऑक्सिजन जोडतात, मग ग्लुकुरोनिडेशन करणारी विकरं त्याला साखरेपासून बनलेलं आम्ल चिकटवतात. रेणू पाण्यात विरघळतो, वाहून जातो. यामुळे जुना वासही पुसला जात असावा, हे मला फार सुंदर वाटतं.

पण ‘विषनाशक’ हा शब्द जपून वापरा. उंदराला पॅरासिटामॉलचा मोठा डोस दिला, तर हेच पी४५० त्याचं रूपांतर जास्त घातक पदार्थात करतं. त्या पदार्थाला निष्प्रभ करणारं पेशींतलं ग्लुटाथायोन संपलं की गंधपटलातल्या पेशी तिथल्या तिथे मरतात. म्हणून पिल्लाचं नाक किती सुरक्षित आहे हे ठरवायला फक्त पी४५० मोजून भागत नाही. पुढच्या टप्प्यातली विकरं त्या वयात किती आहेत, तेही बघावं लागतं.