आधी हिशेबाची वही उघड

प्रिय मित्रा,

ॲक्रिंग्टन स्टॅनली या इंग्लंडमधल्या छोट्या फुटबॉल क्लबच्या इतिहासाचा तुझा कच्चा खर्डा वाचला. या क्लबवर तुझा जीव आहे हे पानोपानी कळतं, आणि त्याचा मला आनंद आहे. पण पहिलंच पान तुला बदलावं लागेल. १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या १२ क्लबांत तू स्टॅनलीला बसवलं आहेस. तो क्लब होता ॲक्रिंग्टन एफसी. १८९३ मध्ये घसरून लीगच्या दुसऱ्या विभागात खेळायची वेळ आली तेव्हा त्यांनी लीगच सोडली आणि काही वर्षांत तो क्लब संपला. स्टॅनली १८९१ चा. त्याला लीगमध्ये जागा मिळाली १९२१ मध्ये. आणि आज मैदानात दिसतो तो क्लब उभा राहिला १९६८ मध्ये. गाव एक, क्लब तीन. चाहते ही एकच परंपरा मानतात, त्यांनी खुशाल मानावी. तू मात्र सांधे कुठे आहेत ते दाखव.

आता १९६२. त्या वर्षाला तू एक परिच्छेद दिलास, मी तिथे अख्खं प्रकरण मागेन. मार्चच्या सुरुवातीला क्रू अलेक्झांड्राकडून ४-० हार झाली. त्यानंतर कर्जात बुडालेल्या क्लबने लीगला राजीनाम्याचं पत्र धाडलं. मग मदतीची आशा दिसली म्हणून ते मागे घ्यायची धडपड केली, पण लीगचे सचिव ॲलन हार्डेकर यांनी पत्र मान्य झाल्याचं सांगून दार बंद केलं. तोवर खेळलेले ३३ सामने नोंदींतून पुसले गेले. तू याला दुर्दैव म्हटलंस. दुर्दैव म्हटलं की शोध थांबतो, म्हणून तो शब्द खोडच.

त्याऐवजी पैसा कुठून येत होता आणि कुठे जात होता ते बघ. १९५८ मध्ये तिसऱ्या विभागाचे उत्तर आणि दक्षिण हे गट मोडून देशभरचे तिसरा आणि चौथा विभाग झाले. लँकेशरच्या छोट्या क्लबला आता इंग्लंडच्या दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास करावा लागू लागला. त्याच वर्षी स्टॅनलीने ऑल्डरशॉटच्या लष्करी सोहळ्याचा जुना स्टँड विकत घेतला. तो स्वस्तात मिळाला, पण उचलून आणून पील पार्क या आपल्या मैदानावर उभा करायला किमतीच्या कितीतरी पट खर्च आला. शेजार बघ: एका बाजूला ब्लॅकबर्न, दुसऱ्या बाजूला बर्नली, दोन्ही काही मैलांवर. १९६० मध्ये बर्नली लीगचा विजेता ठरला आणि ब्लॅकबर्न एफए कपच्या अंतिम सामन्यात पोचला. त्याच मोसमात स्टॅनली चौथ्या विभागात घसरला. शनिवारी तिकिटाचे पैसे खिशात घालून निघालेला गिरणीकामगार कुणीकडे वळला असेल? या प्रश्नाचं उत्तर शोध: प्रेक्षकसंख्या, तिकीटविक्री, त्या काळच्या स्थानिक वृत्तपत्रांतली पत्रं. क्लबच्या सभांची इतिवृत्तं मिळाली तर फारच उत्तम. गोलांच्या याद्या कुणीही देईल.

नंतरचा चढ तू छान लिहिला आहेस, त्यात फार हात घालू नकोस. १९९९ मध्ये जॉन कोलमन संघाचे व्यवस्थापक म्हणून आले, क्लब एकेक पायरी चढत २००६ मध्ये लीगमध्ये परतला, आणि त्याच मोसमात लीगमधून खाली घसरलेल्यांत ऑक्सफर्ड युनायटेड होता. १९६२ मध्ये स्टॅनलीची रिकामी जागा मिळाली होती ती याच ऑक्सफर्डला. याला नियतीचा न्याय वगैरे म्हणायचा मोह तुला झालेला दिसतो. तो आवर. १९८७ पासून खालच्या स्पर्धेच्या विजेत्याला लीगचं दार उघडं झालं. त्याआधी तिथे प्रवेश सदस्य-क्लबांच्या मतांवर ठरायचा. ही व्यवस्था बदलली नसती तर कोलमन यांच्या संघाला मैदानावर जिंकूनही मतांसाठी हात जोडावे लागले असते. मला तरी नियतीपेक्षा ही नियमाची गोष्ट जास्त मोलाची वाटते.

२०१८ ची लीग वनमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या पातळीवर, झालेली बढती आणि २०२३ ची तिथून घसरण थोडक्यात आटप. ती ताजी आहे, तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा १९६२ ते १९६८ हा भाग आधी पाठव. राजीनाम्यानंतरही क्लब लँकेशर कॉम्बिनेशन या लीगबाहेरच्या स्थानिक स्पर्धेत काही वर्षं तग धरून होता, मग तोही थांबला, आणि त्यानंतर काही लोकांनी एकत्र येऊन नव्याने सुरुवात केली. लीगबाहेरच्या त्या वर्षांत मैदानाची, सामानाची, खेळाडूंची सोय कोण करत होतं, हे मला तुझ्याकडून वाचायचं आहे.

तुझा,
एक जुना वाचक