बांधावर ‘डॉल्गो’ लावावे काय?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ कॅनडात असतो. त्याच्या अंगणातील ‘डॉल्गो’ नावाच्या लहान, आंबट सफरचंदांची लालभडक जेली त्याने दिवाळीला आणली होती. हे झाड उणे चाळीस अंशांतही तगते, असे तो सांगतो. इतके काटक झाड आमच्या संत्रा बागेच्या बांधावर का येऊ नये? तो बी पाठवायला तयार आहे.
– एक वाचक भगिनी, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : ताई, हे झाड खरोखरच गुणी आहे. अमेरिकेतील साउथ डकोटा येथील उद्यानतज्ज्ञ नील्स हॅन्सन यांनी १८९७ मध्ये रशियातून आणलेल्या बियाण्यातून निवडलेली ही क्रॅब ॲपलची (लहान, आंबट फळांच्या सफरचंदाची) जात १९१७ मध्ये शेतकऱ्यांना मिळाली. ‘डॉल्गो’ म्हणजे रशियन भाषेत ‘लांब’. फळ लांबट असते म्हणून हे नाव पडले. आंबटपणा आणि पेक्टिन (जेली घट्ट करणारा फळातील घटक) दोन्ही भरपूर असल्यामुळे त्याची जेली सुरेख जमते.

मात्र थंडी सोसणे वेगळे आणि थंडीची गरज असणे वेगळे. आपण संत्र्याला पाण्याचा ताण देऊन आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीतील फुलोरा) धरतो. सफरचंदाच्या कुळातील झाडांना हिवाळ्यात पानगळीनंतर दीर्घ गारवा मिळाल्याशिवाय त्यांचे डोळे (फांदीवरील कळ्या) नीट फुटत नाहीत, आणि ती उणीव पाणी तोडून भरून निघत नाही. सफरचंदाच्या जुन्या जातींना सात अंशांखालचे साधारण ८०० ते १,२०० तास लागतात. काही जातींना याहून बरेच कमी तास पुरतात, पण वरुडकडे पारा इतका खाली उतरणाऱ्या रात्री बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. त्यात मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांची झळ आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीत मुळांशी साचणारे पाणी यांची भर पडते. हिमाचलातील बागांत परागीकरणासाठी क्रॅब ॲपल लावतात, कारण तेथे हिवाळा तसा असतो.

बी मागवण्याचा विचारही सोडून द्यावा. सफरचंदाच्या बियांपासून मूळ झाडासारखे झाड येत नाही; जात टिकवायची तर कलमच करावे लागते. शिवाय परदेशातून बी वा कलम आणण्यास २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार परवाना लागतो, आणि संत्रा पट्ट्यात राहणाऱ्यांनी तो नियम मनापासून पाळावा, कारण रोग एकदा आला की शेजाऱ्याच्या बागेलाही सोडत नाही.

आपल्याला खरी ओढ जेलीची असेल, तर बांधावर कवठ लावावे. तेही आंबट आहे, त्यातही पेक्टिन विपुल आहे आणि ते कोरडवाहू बांधावर वाढते. महाशिवरात्रीला त्याची चटणी आपल्या घरी होतच असेल. बियांच्या रोपापासून वाढवल्यास फळासाठी बरीच वर्षे थांबावे लागते, म्हणून कलम मिळवावे. जेलीसाठी पूर्ण पिकलेल्यापेक्षा किंचित कच्चे कवठ निवडावे. गर पाण्यात उकळून, न पिळता कापडातून रस गाळावा आणि साखर घालून आटवावा. चमचा तिरपा केल्यावर रस थेंबाथेंबाने न पडता सलग पापुद्र्यासारखा घसरू लागला की भांडे लगेच उतरवावे.