स्यूडोजीन: निकामी, मिथ्या की छद्म?

दारव्ह्याहून पुतणीने विचारलंय, बारावीला आहे ती: "काका, स्यूडोजीनला मराठीत काय म्हणायचं? मला कोणी 'निकामी जनुक' लिहून दिलं. निकामी आहे, तर कॅन्सरच्या गोष्टीत त्याचं नाव कशाला येतं?"

पोरी, तुझी शंका बरोबर आहे. 'निकामी' खोडून टाक.

हे इंग्रजी नाव १९७७ सालचं. झेनोपस नावाच्या आफ्रिकी बेडकाच्या डीएनएत मूळ जनुकासारखाच, पण मोडका तुकडा सापडला, तेव्हा त्याला ग्रीक 'स्यूडो' म्हणजे 'खोटा' हा उपसर्ग लागला. माणसात असे तुकडे चौदा हजारांच्या वर आहेत. बहुतेकांपासून प्रथिन बनत नाही. आपल्या बकरीच्या अंगात सी जीवनसत्त्व तयार होतं, आपल्या नाही. ते घडवणाऱ्या जनुकाचं माणसात नुसतं पोचट कणीस उरलंय. एवढंच पाहिलं तर 'निकामी' पटतं.

आता पीटेन घे. गाठ वाढू न देणारं हे जनुक दहाव्या गुणसूत्रावर असतं आणि त्याची मोडकी नक्कल, पीटेनपी-१, नवव्यावर. मायक्रो-आरएनए नावाचे बारके रेणू पीटेनच्या आरएनएला, म्हणजे जनुकावरून उतरलेल्या प्रतीला, चिकटून त्याला गप्प करतात. पण नकलेचा आरएनए जवळपास तसाच, म्हणून त्यातले कितीक रेणू फसून तिच्यावरच बसतात. पीटेन तेवढं मोकळं राहतं. हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. काही कर्करोगांत ही नक्कलच हरवलेली आढळते.

कपाशीत झेंडूच्या ओळी टाकतात ना, तसंच हे. बोंडअळीचा पतंग झेंडूवर अंडी घालतो, बोंडं वाचतात. आमचे शेजारी म्हणतात, "थो झेंडू फुलासाठी नोय, अळीसाठी हाये." सापळा पिकाला निकामी कोण म्हणेल?

मात्र सापळा कोणाला वाचवतो तेही पाहावं लागतं. बीआरएएफ हे जनुक बिघडलं की कर्करोगाला जोर देतं. त्याच्या नकलेचा आरएनए उंदरांत मुद्दाम वाढवला, तर त्यांना लसिका पेशींचा कर्करोग झाला (२०१५). इथे झेंडूने तणच वाचवलं म्हण.

राहिले दोन शब्द. 'मिथ्या' वेदान्तातला, दिसतं पण खरं नाही असा. ही जनुकं तर आहेत, मोजता येतात. 'छद्म' मला जवळचा वाटतो. मूळ धातू 'छद्', झाकणे. 'छत्र' त्यातूनच आलं. छद्म म्हणजे पांघरलेलं सोंग, जसा छद्मवेष. पीटेनपी-१ नेमकं सोंगच घेतं. सी जीवनसत्त्वाच्या जनुकाला हा शब्द तितकासा बसत नाही, हे कबूल. ते कोणाला फसवत नाही. तरी 'काम नाही' असा निकाल हा शब्द आधीच देऊन टाकत नाही, म्हणून मी हाच घेईन.

जोडून लिही, नपुंसकलिंगी: ते छद्मजनुक, ती छद्मजनुकं.