संदर्भ-विश्लेषण सुरू करताय? आधी नावं नीट करा

सांगलीत बसून कंपन्यांच्या पारदर्शकतेवरच्या संशोधनाचा अभ्यास करायचा, विषय छान निवडलात. संदर्भ-विश्लेषण म्हणजे कोणाचे किती लेख आहेत आणि कोण कोणाचा संदर्भ देतं हे मोजणं. फक्त या दुव्यांचे रंगीत नकाशे काढायची घाई करू नका.

शोधताना नुसतं 'ट्रान्सपरन्सी' टाकलंत तर काचेवरचेही लेख येतील. 'कॉर्पोरेट डिस्क्लोजर' जोडून शोध शीर्षक, सारांश आणि कीवर्डपुरता ठेवा. शोधओळ आणि तारीख त्याच दिवशी वहीत लिहा, आकडे बदलत राहतात.

स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमधून सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) उतरवताना संदर्भयादीच्या चौकटीत खूण करा. ती राहिली तर सहसंदर्भाचा (कोणते दोन लेख एकत्र उद्धृत होतात याचा) नकाशा निघत नाही, सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

खरा वेळ द्यायचा तो लेखकांच्या नावांना. आपल्या सातारा-सांगलीकडे 'पाटील एस.' म्हणजे संजय, सुनील की सुजाता? शिवाय एकाच बाईंचे लेख लग्नाआधीच्या आणि नंतरच्या आडनावाने असतात. नकाशे काढणारं सॉफ्टवेअर व्हीओएसव्ह्यूअर फक्त अक्षरं जुळवतं. एकाच व्यक्तीची दोन रूपं जोडायला थेसॉरस फाइल (कोणत्या नावाऐवजी कोणतं घ्यायचं याची यादी) करा: साधी मजकूर फाइल, मध्ये टॅब देऊन दोन रकाने, डावीकडे चुकीचं रूप, उजवीकडे बरोबर. पण दोन माणसं एकाच नावात मिसळली असतील तर तिचा उपयोग नाही; स्कोपसचा लेखक-क्रमांक पाहून सीएसव्हीतच नावं वेगळी करा. कंटाळवाणं आहे, पण हे टाळलंत तर 'सर्वाधिक लेख लिहिणारा लेखक' प्रत्यक्षात अस्तित्वातच नसतो!

आणि 2005 च्या लेखाची 2022 च्या लेखाशी मिळालेल्या एकूण संदर्भांवर तुलना नको, दरवर्षीची सरासरी काढा. आर या संगणकभाषेतली पॅकेजेस नंतर बघू.