शेवटच्या शून्याची जागा धर

अरे, सी या प्रोग्रामिंग भाषेत स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असा वेगळा प्रकारच नाही. ओळीने ठेवलेली अक्षरं आणि शेवटी एक शून्य बाइट, एवढाच कारभार. ते शून्य दिसलं नाही तर मजकूर छापणारा प्रिंटएफ थांबत नाही, पुढच्या मेमरीत घुसतो.

आमच्या आंब्याच्या पेट्यांवर चिकटवायची लेबलं मी सीमध्ये छापायचो. स्ट्रलेननं ‘देवगड’ची लांबी १५ सांगितली, म्हणून गावासाठी १५ बाइटचाच ॲरे, म्हणजे सलग जागा, धरला आणि मजकूर नकलणाऱ्या स्ट्रएनकॉपीलाही १५ दिले. लेबल आलं ‘देवगडकाका’! स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या नोंदीत, गावाला चिकटून गिऱ्हाइकाचं नाव होतं ना. स्ट्रएनकॉपी जागा भरली की गप्प बसतो, शून्य लावत नाही. ऐन हंगामात दोन रात्री गेल्या त्यात. आता मी एसएनप्रिंटएफच वापरतो. जागा कमी पडली तर तो मजकूर कापतो, पण शून्य लावतोच.

पाच खुणांचे १५ कसे? यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट खाते, काना-मात्रासुद्धा. ‘रत्नागिरी’ला २७ लागतात, शून्य धरून २८. आणि कापताना अक्षर मधोमध तुटलं तर चौकोन उमटतात, म्हणून जागा सढळ ठेव.

टाइप केलेली ओळ वाचायला गेट्स वापरू नकोस. सीच्या २०११च्या मानकातून तो काढूनच टाकलाय. एफगेट्स घे, मात्र एंटरची खूण तो सोबत आणतो, ती पुसायची. दोन नावं सारखी आहेत का ते स्ट्रकम्पनं बघ. दुहेरी बरोबरनं (==) फक्त मेमरीतले पत्ते जुळवले जातात.