म्यूजेनिक्स या व्हिडिओ गेममध्ये मांजरांची पैदास: आधी घर नीट लाव

लढाईचं नंतर बघू, आधी घराकडे बघ. नवीन माणूस सगळी मांजरं एकाच खोलीत कोंबतो आणि सकाळी उठून बघतो तर निम्मी जखमी. खोलीतला आराम कमी पडला की मांजरं जुळण्याऐवजी भांडतात, आणि गर्दी वाढली की आराम घटतोच. म्हणून जोडीसाठी वेगळी खोली ठेव, चांगलं फर्निचर तिथेच लाव.

आता खरी गंमत. पिल्लाचा प्रत्येक गुण आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडून येतो. सरासरी निघत नाही. समजा बोक्याची ताकद ७, पण काटकपणा ४. त्याच्यासाठी काटकपणा ७ असलेली मांजर शोध, मग ताकदीत ती ५ असली तरी चालेल. एखाद्या पिल्लात दोन्ही ७ उतरतात. खोलीतलं 'स्टिम्युलेशन' (फर्निचरमुळे वाढणारा खोलीचा आणखी एक आकडा) जितकं जास्त, तितका वरचा आकडा उतरण्याचा संभव वाढतो. माझं मत विचारशील तर आरामाची सोय झाल्यावर सगळे पैसे यातच घाल.

असं तयार झालेलं पिल्लू हाती आलं की त्याच्याच भावंडाशी जोडी लावायचा मोह होतो. नको. नात्यातल्या जोड्या लावत गेलास की जन्मजात व्यंगं येतात आणि ती पुढच्या पिढीतही उतरतात. दाराशी रोज भटकी मांजरं येतात, त्यातलं एखादं नवं रक्त म्हणून घे, आकडे थोडे कमी असले तरी.

लढाईच्या मोहिमेवरून परतलेलं मांजर पुन्हा मोहिमेवर जात नाही, पण पैदाशीला चालतं. उरलेली गावातल्या पात्रांना देऊन टाक, बदल्यात सोयी मिळतात.